मासिकाची छपाई बंद केली की नेमकं काय वाचतं?

रकाना (धागाकर्ता)

‘छापणं परवडत नाही, यापुढे फक्त डिजिटल’ असं जाहीर करून मासिक छापील अंक थांबवतं आणि वर्ष-दोन वर्षांत डिजिटल अंकही गुपचूप गुंडाळतं. हा क्रम इतक्यांदा पाहण्यात आलाय की शंका येते. छपाई हाच रोग होता तर ती काढल्यावर रोगी बरा का होत नाही?

उदाहरण म्हणून ६४ पृष्ठांचं, ए-फोर आकाराचं, चार रंगांतलं मासिक धरू. खप ३००० प्रती. छपाई थांबवली तर कोणता खर्च खरोखर जातो, कोणता तसाच राहतो आणि उत्पन्नातलं काय बुडतं?

‘लोक वाचतच नाहीत हो’ हे उत्तर नको, त्यासाठी वेगळे धागे पडलेत ढिगाने. किमतीही लिहू नका, त्या जागोजागी वेगळ्या. प्रमाण लिहा, अडचणी लिहा.

शाईचा डाग

छपाईची बाजू मांडतो.

ए-फोरची १६ पृष्ठं, म्हणजे एका मोठ्या शीटच्या दोन्ही बाजू, हा एक फर्मा, म्हणून ६४ पृष्ठांचे ४ फर्मे. प्रत्येक फर्म्याच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला चार रंग, रंगामागे एक प्लेट (छपाईचा पत्रा), म्हणजे फर्म्याला ८ प्लेटा. एकूण ३२, शिवाय कव्हरच्या वेगळ्या. या ३२ प्लेटा ३०० प्रतींना लागतात तितक्याच ३००० ला आणि तितक्याच ३०,००० ला.

आता कागद. २५ × ३६ इंची एका शीटमधून एक फर्मा निघतो. ३००० प्रती × ४ = १२,००० शीट, म्हणजे ५०० शीटचा एक याप्रमाणे २४ रीम. त्यावर मेकरेडीची, म्हणजे मशीन जुळवून घेतानाची, नासाडी. रंग बसेपर्यंत, रजिस्ट्रेशन जुळेपर्यंत (चारही रंग नेमके एकावर एक पडेपर्यंत), शाई-पाण्याचा तोल येईपर्यंत फर्म्यामागे अंदाजे २५० शीट वाया जातात असं धरा. चार फर्म्यांचे १००० शीट, म्हणजे २ रीम. ३००० प्रतींना ही नासाडी ८ टक्के. खप ५०० वर आला की लागणारे शीट २०००, नासाडी मात्र तीच १०००. म्हणजे ५० टक्के!

खप घसरत असताना प्रतीमागचा खर्च का भडकतो त्याचं हे कारण. कागद महागला ही नेहमीची तक्रार, पण कागदाचे भाव जागच्या जागी राहिले तरी हे होणारच.

तिरपा टाइप

थोडक्यात, वाचक कमी झाले की उरलेल्यांनी गेलेल्यांचा कागदही भरायचा. :)

सेंटर पिन

शाईचा डाग यांच्याशी सहमत. त्यात भर म्हणून, खर्च वाचवायला हमखास केल्या जाणाऱ्या तीन गोष्टी आणि त्या कुठे फसतात ते लिहिते.

पहिली, ‘चार पृष्ठं कमी करा’. ६४ ची ६० केली की तीन पूर्ण फर्मे आणि वर १२ पृष्ठं उरतात. ती १२ पृष्ठं ८ आणि ४ अशी तोडून लावावी लागतात, घड्यांचे प्रकार वाढतात, बाइंडिंगला गोळा करायचा एक गठ्ठा वाढतो. कागद थोडा वाचतो, मजुरी वाढते. कमी करायचीच तर थेट ४८ करा.

दुसरी, कागद पातळ करा. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅमच्या) ६४ पृष्ठांचं वजन साधारण १४० ग्रॅम, १७० जीएसएमचं कव्हर २१ ग्रॅम, प्रत १६१ ग्रॅमची. ६० जीएसएम घेतला तर १४१. टपालाचा टप्पा १५० ग्रॅमवर असेल तर हा फरक सोन्यासारखा, २०० वर असेल तर टपालात काहीच वाचलं नाही आणि वर पलीकडच्या बाजूचा मजकूर डोकवायला लागला. गडद फोटोच्या मागच्या बाजूला बारीक टाइप असेल तर वाचणाऱ्याचे हाल. तेव्हा आधी टपालाचा तक्ता बघा, मग कागद ठरवा. बहुतेक ठिकाणी हे उलट्या क्रमाने होतं.

तिसरी बाइंडिंगची. ६४ पृष्ठांचा ७० जीएसएमचा गठ्ठा जेमतेम ३ मिलिमीटर जाड. परफेक्ट बाइंडिंगचा (पानं कण्यावर चिकटवायच्या पद्धतीचा) गोंद इतक्या पातळ कण्याला धड धरत नाही, मधली पानं हातात येतात. म्हणून सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीत मारलेल्या पिना. पण पिनेत चार-चार पृष्ठांच्या १६ घड्या एकात एक बसतात आणि आतली पानं बाहेर सरकतात, साधारण दीड मिलिमीटर. लेआउटवाल्याने पृष्ठक्रमांक कडेला चिकटवले असतील तर मधल्या पानांचे क्रमांक कटिंगमध्ये उडालेच.

वर्गणीदार क्रमांक शून्य

सगळे कागद-शाईवर बोलताय. मासिकं मरतात ती बहुतेक वेळा हिशेबाच्या वहीत मरतात.

वर्षाची वर्गणी आगाऊ येते. ती कमाई नव्हे, १२ अंकांचं देणं आहे. एक अंक पाठवला की त्यातला बारावा हिस्सा तुमचा झाला. पण पैसे एकाच खात्यात पडतात आणि या महिन्याचं प्रेसचं बिल पुढच्या आठ महिन्यांच्या वर्गणीतून जातं. नवी वर्गणी येत राहते तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. ओघ आटला की एकदम दिसतं की पैसे संपले आणि वर्गणीदारांचे सात-सात अंक देणं बाकी.

‘आता फक्त डिजिटल’ ही घोषणा पुष्कळदा याच टप्प्यावर येते. देणं फेडायचा स्वस्त मार्ग म्हणून. तंत्रज्ञान बिचारं निमित्ताला.

खालची ओळ

+१. पण धाग्याचं गृहीतकच मला मान्य नाही. छपाई हा रोग नव्हताच, छापील अंकाची किंमत हा होता.

१८९३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत फ्रँक मन्सीने आपल्या मासिकाची किंमत २५ सेंटवरून १० सेंटवर आणली. तोटा जाहिरातींतून भरून काढायचा, ही चाल. ती जमली आणि मग साऱ्या धंद्याने उचलली. तेव्हापासून वाचकाला अंक खर्चापेक्षा कमी किमतीत द्यायचा आणि तो वाचक जाहिरातदाराला विकायचा, हेच गणित.

हे गणित इंटरनेटच्या कितीतरी आधी एकदा कोसळलं आहे. ‘लाइफ’ साप्ताहिक २९ डिसेंबर १९७२ च्या अंकानंतर बंद पडलं, तेव्हा त्याचा खप ५० लाखांहून जास्त होता. ‘लुक’ हे तसलंच सचित्र नियतकालिक त्याच्या आदल्या वर्षी गेलं होतं. देशभर पोचायचं असेल तर जाहिरातदाराला दूरचित्रवाणी सापडली, त्यात टपाल महागलं, आणि स्वस्तात मिळवलेला प्रत्येक वर्गणीदार तोट्यात भर घालू लागला. खप जितका मोठा तितका खड्डा खोल.

म्हणून ‘काय वाचतं’ याआधी विचारा, वाचकाकडून येणाऱ्या पैशांत त्याच्या प्रतीचा कागद, बाइंडिंग आणि टपाल निघतं का? निघत असेल तर छपाई थांबवायची गरज नाही. निघत नसेल तर डिजिटल करून तेच दुखणं पडद्यावर.

रकाना

खालची ओळ, मुद्दा पटला, पण अर्धाच. वाचकाने पूर्ण किंमत द्यायची तर तितके वाचक उरायला हवेत. आणि कमी प्रतींवर काय होतं ते वर शाईचा डाग यांनी दाखवलंच आहे. मग कमी प्रती डिजिटल प्रेसवर, म्हणजे फाइलमधून थेट कागदावर छापणाऱ्या मशीनवर, का छापू नयेत? तिथे प्लेटा नाहीत.

शाईचा डाग

छापा की. पण आधी सीमा काढा. प्लेटा आणि मेकरेडीचा ठोक खर्च १००० एकक, ऑफसेटवर (प्लेटांच्या छपाईत) पुढे प्रतीला १ एकक आणि डिजिटलवर प्रतीला अडीच एकक असं समजा. १००० ला प्रतीमागच्या फरकाने, म्हणजे दीडने, भागा, ६६७. त्याच्या खाली डिजिटल स्वस्त, वर ऑफसेट. तुमच्या ३००० ला डिजिटलचं नावही काढू नका. तुमच्या प्रेसचे आकडे घालून हाच भागाकार करा, पाच मिनिटांचं काम आहे.

टोनरच्या, म्हणजे सुक्या शाईच्या, डिजिटल मशीनवर दोन गोष्टी सांभाळायच्या. टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो. त्यामुळे गडद रंगावर घडी आली की पापुद्रा फुटून पांढरी रेघ दिसते. कव्हरला घडीआधी क्रीज (दाबून पाडलेली रेघ) मारून घ्या आणि कागदाचा दाणा (तंतूंची दिशा) कण्याला समांतर ठेवा. दुसरं, १३ × १९ इंची शीटवर ए-फोरची चारच पृष्ठं बसतात, म्हणजे एका प्रतीला १६ शीट. गोळा करताना एक शीट चुकलं की वाचकाला काही पृष्ठं दोनदा मिळतात आणि काही मिळतच नाहीत.

हलका वाचक

तसे अंक पाहिलेत. रहस्यकथेत आला तर खुनी कळतच नाही.

पिक्सेल मोजणारा

आता डिजिटल बाजू, कारण ‘पीडीएफ टाका, झालं’ हा विचार अजून जिवंत आहे.

ए-फोरची रुंदी २१० मिमी, फोनच्या पडद्याची साधारण ७०. पान तिपटीने आकसतं. १० पॉइंटचा टाइप सव्वातीन पॉइंटचा होतो. वाचक चिमटीने मोठं करतो, पहिल्या रकान्याच्या तळाशी जातो, मग दुसऱ्या रकान्याचा माथा शोधत वर येतो. दोन लेखांनंतर बंद. छापील अंकाची हुबेहूब प्रत संग्रहाला चांगली, वाचायला नाही.

फोनवर वाहणारा मजकूर हवा, म्हणजे ईपब (ई-पुस्तकांचा फाइलप्रकार) किंवा साधी वेबपानं. ती इनडिझाइनच्या (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या) फाइलमधून सरळ निघावीत असं वाटत असेल तर शिस्त लेआउटपासून लागते. प्रत्येक शीर्षक, उपशीर्षक, परिच्छेद, फोटोओळीला पॅराग्राफ स्टाइल. ठळक अक्षरंही कॅरेक्टर स्टाइलनेच, नुसतं बटण दाबून नाही. लेखाचे सगळे चौकोन एकमेकांना जोडलेले, फोटो मजकुरात त्या-त्या जागी अडकवलेले. मग एक्स्पोर्टच्या टॅगमध्ये कोणत्या स्टाइलला कोणता टॅग (वेबपानातली खूण) हे एकदा ठरवलं की दर महिन्याला तेच चालतं.

हमखास बिघडतं ते असं: ओळ बरोबर तुटावी म्हणून कुणीतरी शिफ्ट-एंटर मारलेलं असतं, फोनवर वाक्य मधेच मोडतं. शब्द तोडायला हाताने घातलेला हायफन ओळीच्या मध्यावर उगवतो. चौकट जोडलेली नसेल तर ती लेखाच्या शेवटी किंवा चक्क दुसऱ्या लेखात जाते. पहिल्या दोन गोष्टी शोधा-बदला वापरून आणि तिसरी हाताने जोडून, छपाईची फाइल गेल्यावर, एक्स्पोर्टच्या आधी साफ करायच्या. छपाईच्या फाइलची प्रत काढून तिच्यावरच करा, मूळ फाइलला हात लावू नका.

जोडाक्षर

अवांतर आहे, पण देवनागरी मासिकांचं जुनं भांडवल इथेच अडकलंय. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली. पीडीएफ दिसते छान, शोधायला गेलं की शून्य, कारण आत रोमन अक्षरांच्या जागा वापरलेल्या असतात. मजकूर नकलून चिकटवा, नुसती कचराकुंडी.

बदलायला तक्ता लागतो, पण नुसत्या अक्षराला अक्षर असा तक्ता पुरत नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने साठवलेली, म्हणजे व्यंजनाच्या आधी, युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर. रफार जुन्या फॉन्टात अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त आधी. ‘दर्शित’ या एकाच शब्दात दोन्ही येतात. वेलांटी ‘श’च्या पुढे न्यायची आणि रफार मागे आणायचा. त्यात वेलांटी एका अक्षराऐवजी अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारून न्यायची असेल तर साधी बदलयंत्रं गडबडतात.

एक खबरदारी. आधी फॉन्टच्या नावानुसार मजकुराचे तुकडे करा. नाहीतर मजकुरातले खरे रोमन शब्द आणि वेबपत्तेही ‘देवनागरी’ होऊन बसतात आणि ते नंतर डोळ्यांनीच शोधावे लागतात.

कोपरकंस

जुने अंक काढायला निघालाच आहात तर थांबा, ते विकायचा हक्क तुमच्याकडे आहे का?

लेखकाने लेख दिला तो बहुधा छापील अंकात पहिल्यांदा छापण्यापुरता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये टासिनी खटल्यात (न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध मुक्त लेखक टासिनी) ७ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की मुक्त लेखकांचे लेख अंकापासून सुटे करून डेटाबेसमध्ये घालायला त्यांची परवानगी लागते. उलट नॅशनल जिओग्राफिकच्या सीडी संचात अंक मुळात होते तसेच, पान न पान होते. तिथे २००८ मध्ये अपील न्यायालयाने प्रकाशकाच्या बाजूने निकाल दिला. हे निकाल अमेरिकेपुरते, प्रत्येक देशाचा कायदा पाहावाच लागेल, पण वाटाघाटीला बसताना फरक उपयोगी पडतो. पिक्सेल ज्याला ‘वाचायला नाही’ म्हणाले ती हुबेहूब प्रत हक्काच्या दृष्टीने सोपी. सुटा, शोधता येणारा, फोनवर वाहणारा लेख अवघड.

नव्या लेखांच्या पत्रात आत्ताच चार गोष्टी लिहून घ्या: छापील, डिजिटल अंक, सुटा लेख, संग्रह. फोटो आणि रेखाचित्रांसाठी वेगळं पत्र, ती नेहमी विसरली जातात.

पिक्सेल मोजणारा

कोपरकंस, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

हलका वाचक

लेखकाला मानधन द्या म्हणजे तो पत्रावर सही करेल, असा एक जुना उपाय ऐकून आहे.

बॅनरबाबा

उत्पन्नात काय बुडतं त्याबद्दल कुणीच बोलेना, म्हणून.

छापील पान विकताना जाहिरातदार आणि मासिक यांच्यात फार तर एक एजन्सी. पानं मोजकीच, मागच्या कव्हरला भाव. वेबवर जागा अमर्याद आणि मध्ये रांग उभी: जाहिरातदाराची एजन्सी, खरेदीचं सॉफ्टवेअर, लिलावाचं ठिकाण, विक्रीचं सॉफ्टवेअर, वर तपासणी आणि डेटा विकणारे. ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या इस्बा या संघटनेने पीडब्ल्यूसी या हिशेब तपासणाऱ्या कंपनीकडून २०२० मध्ये या साखळीची तपासणी करवली. जाहिरातदाराने खर्च केलेल्या पैशांतले ५१ टक्के प्रकाशकापर्यंत पोचले आणि १५ टक्के कुठे गेले त्याचा माग लागला नाही. तेही नामांकित जाहिरातदार आणि नामांकित प्रकाशक यांच्या व्यवहारात.

३००० वाचकांच्या मासिकाने या वाटेला जाऊच नये. तेवढ्या वाचकसंख्येवर लिलावातून चहापाणीही सुटत नाही आणि पान मात्र रेंगाळत उघडतं. त्याच तीन हजारांशी ज्यांचा धंदा जुळतो अशा चार-पाच जणांना महिन्याची ठोक जागा थेट विका. ईमेलच्या अंकात एकच जाहिरात, तीही साधी, मजकूर आणि एक दुवा अशी.

खालची ओळ

आणि ॲपच्या वाटेलाही नको. आयपॅड २०१० च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा प्रकाशकांना तारणहार वाटला होता. ‘वायर्ड’चा पहिला आयपॅड अंक सुमारे ५०० एमबीचा, कारण पानं बहुतांशी चित्रं म्हणूनच भरली होती. उतरवेपर्यंत वाचायचा हुरूप ओसरायचा. ॲपलचं न्यूजस्टँड हे मासिकांचं कपाट २०११ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये आयओएस ९ सोबत गेलं. वर्गणीतला ३० टक्के वाटा तेव्हा ॲपलचा. त्याहून मोठी अडचण म्हणजे वाचक स्वतः हो म्हणाला तरच त्याचं नाव-पत्ता प्रकाशकाला मिळणार. ज्याला शंभर वर्षं पत्त्यांच्या यादीवर जगायची सवय, त्याच्या हातून यादीच काढून घेतली.

वर्गणीदार क्रमांक शून्य

यादीवरून आठवलं. ईमेल यादी हीच आता खरी मालमत्ता, पण पाठवलेलं पोचलं तर. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रेषकांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आली हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही सक्तीचे केलेत, एका क्लिकमध्ये नाव काढता आलं पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात.

तिरपा टाइप

ते जीमेलच्या पत्त्यांवर एका दिवसात ५००० च्या आसपास किंवा जास्त पाठवणाऱ्यांना. यांचे वाचक ३०००.

वर्गणीदार क्रमांक शून्य

बरोबर, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक सगळ्यांनाच लागतं. आणि तिन्ही बसवणं म्हणजे डोमेनच्या नोंदीत तीन ओळी. मग अर्धवट कशाला ठेवायचं? यादी विकत घेऊ नका, जुन्या परत आलेल्या पत्त्यांवर पुन्हा पाठवू नका, एवढं सांभाळलं तर तक्रारी येत नाहीत.

गळतीही मोजा. दरमहा ५ टक्के सोडून जातात हे ऐकायला किरकोळ वाटतं. ०.९५ बारा वेळा गुणा, वर्षाअखेर १०० पैकी ५४ उरतात. यातले बरेच जण नाराज नसतात, त्यांचं कार्ड मुदत संपून बाद झालेलं असतं. मुदत संपायच्या आधी एक मेल आणि पैसे वळते न झाल्यास काही दिवसांच्या अंतराने पुन्हा तीन प्रयत्न. एवढ्याने जितके वाचक परत येतात तितके नवे मिळवायला जाहिरातीत कितीतरी घालावे लागतात.

सेंटर पिन

मूळ प्रश्नाकडे यायचं तर ‘छापा किंवा बंद करा’ असे दोनच पर्याय का? न्यूजवीक या अमेरिकी साप्ताहिकाने ३१ डिसेंबर २०१२ चा अंक शेवटचा छापील म्हणून काढला, कव्हरवर हॅशटॅगसकट, आणि मार्च २०१४ मध्ये पुन्हा छापायला घेतलं. त्या वेळी मात्र अंकाचा खर्च मुख्यतः वाचकाच्या पैशांतून काढायचा असं ठरवून, म्हणजे खालची ओळ म्हणतात तेच.

रकाना यांच्या मासिकाचं त्रैमासिक करून बघा. वर्षाला १२ × ६४ = ७६८ पृष्ठांऐवजी ४ × १२८ = ५१२. प्लेटा ३८४ वरून २५६. टपाल बारा वेळांऐवजी चार वेळा, प्रत जरी ३०० ग्रॅमची झाली तरी. आणि कणा पावणेसहा मिमीचा होतो, म्हणजे परफेक्ट बाइंडिंग बसतं, कण्यावर नाव येतं, अंक कपाटात उभा राहतो. जे महिन्यालाच द्यायला हवं ते ईमेलने.

रकाना

हे आवडलं. पण आगाऊ वर्गणी भरलेल्यांचं काय? नऊ अंक बाकी असलेल्या माणसाला तीन अंक देऊन ‘वर्ष पूर्ण झालं’ म्हणता येणार नाही.

वर्गणीदार क्रमांक शून्य

अंक नाही, पृष्ठं मोजा. ९ × ६४ = ५७६. नव्या अंकाची १२८, म्हणजे साडेचार अंक होतात, पाच द्या. सोबत उरलेले पैसे परत घ्यायचा पर्याय लिहून द्या. फार थोडे घेतील, पण पर्याय छापलेला असला की भांडण होत नाही. पत्र बदलाच्या आधीच्या दोन अंकांत आणि ईमेलनेही. वार्षिक करार केलेल्या जाहिरातदारांशी मात्र एकेकाशी बोलावं लागेल. ज्यांची जाहिरात ठरावीक महिन्याची असते त्यांना त्रैमासिक नकोच असतं.

कोपरकंस

कालावधी बदलला की नोंदणीच्या कार्यालयाला कळवा. बऱ्याच देशांत नियतकालिकाची टपाल सवलत नोंदवलेल्या कालावधीवर आणि ठरल्या तारखेला अंक निघण्यावर असते, न कळवता बदललात तर सवलतच जाते. आणि ईमेलचा मासिक अंक स्वतंत्र प्रकाशन म्हणून चालवणार असाल तर त्याला वेगळा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) घ्या, छापील अंकाचा तिथे लावू नका.

रकाना

म्हणजे कव्हरवरचा बारकोडही बदलतो का?

कोपरकंस

नाव तेच राहिलं तर आयएसएसएन तोच, म्हणून बारकोडचा मुख्य भागही तोच. शेजारचे दोन जादा आकडे अंकाचे असतात, ते दर अंकाला बदलायचे. पण नावातच ‘मासिक’ हा शब्द असेल आणि तो काढणार असाल तर आधी आयएसएसएन केंद्राला विचारा, मगच कव्हर प्रेसला पाठवा.